गोनिओझसच्या नळीतील काळपट भुशाविषयी

माडावरील काळ्या डोक्याच्या अळीच्या बंदोबस्तासाठी आमच्याकडून गोनिओझस नेफॅन्टिडिस या परोपजीवी माशीच्या नळ्या नेणाऱ्या बागायतदारांसाठी हे माहितीपत्रक आहे. नळीत माशांबरोबर चिमूटभर काळपट भुसा दिसतो आणि माल जुना असावा, अशी शंका अनेकांना येते. हा भुसा आम्ही मुद्दाम घालतो. पात्याच्या खालच्या बाजूला अळी रेशीम आणि स्वतःची विष्ठा मिसळून जो बोगदा विणते, त्याचा तो चुरा असून माशीला शिकार शोधायला शिकवणे हे त्याचे काम आहे.

गोनिओझस ही गांधीलमाशीच्या गणातील, दिसायला काळ्या मुंगीसारखी बारीक माशी आहे. मादी अळीला नांगी मारून लुळी करते, तिच्या अंगावर अंडी घालते आणि पिल्ले मोठी होईपर्यंत तेथेच राखण करते. प्रयोगशाळेत मात्र तिची वाढ तांदळावरील पतंगाच्या, म्हणजे कॉरसायराच्या, भरडलेल्या धान्यावर पोसलेल्या अळ्यांवर होते. माडाचा वास तिला ठाऊकच नसतो. अशी माशी थेट बागेत सोडली, तर तिचा बराचसा वेळ चाचपडण्यात जातो.

ही अडचण समजून घेण्यासाठी माशीला कोणते वास उपयोगी पडतात ते पाहावे लागते. अळीला स्वतःचा वास फारच थोडा असतो आणि तो लांबवर पोहोचत नाही. उलट, कुरतडलेल्या झाडाचा वास लांबवर जातो, पण तो पीक आणि कीड यांनुसार बदलतो. मक्यावरील अळीच्या लाळेमुळे मक्याचे रोप विशिष्ट गंधद्रव्ये सोडते आणि परोपजीवी माश्या त्यांच्या मागावर येतात, हे अमेरिकेतील संशोधकांनी १९९० मध्ये दाखवले; लाळेतील ज्या द्रव्यामुळे हे घडते, ते व्होलिसिटिन १९९७ मध्ये ओळखले गेले. कोणता वास आपल्या कामाचा, हे माशी बव्हंशी अनुभवाने ठरवते. विष्ठेला मिशा लागल्या की तीतील न उडणाऱ्या द्रव्यांवरून 'अळी येथेच आहे' ही खूण तिला जन्मतःच पटते, आणि त्या क्षणी हवेत जो वास असेल तो ती त्या खुणेशी जोडून ठेवते.

अमेरिकेतील संशोधक जो लुईस आणि जेम्स टमलिन्सन यांनी हे १९८८ मध्ये मायक्रोप्लायटिस क्रोसाइपीस या परोपजीवी माशीवर सिद्ध केले. पुढे १९९० मध्ये लुईस आणि ताकासू यांनी त्याच माशीला एक वास अन्नाशी आणि दुसरा यजमान अळीशी जोडायला शिकवले, आणि त्यासाठी चक्क व्हॅनिला व चॉकलेट यांचे वास वापरले. भुकेली माशी अन्नाच्या वासाकडे वळली, तर पोट भरलेली अळीच्या वासाकडे. आमच्या मते बागायतदाराच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे, कारण उपाशी माशीला कितीही शिकवले तरी ती आधी मधच शोधणार. म्हणून नळीच्या आत मधाचे बारीक थेंब लावलेले असतात; ते पुसू नयेत.

माडाच्या बाबतीत कासरगोडच्या केंद्रीय रोपण पीक संशोधन संस्थेनेही गोनिओझसला सोडण्यापूर्वी अळीच्या बोगद्याचा वास देण्याची शिफारस केली आहे. आमचा भुसा त्याच पद्धतीचा आहे. ट्रायकोकार्डाबरोबर, म्हणजे ट्रायकोग्रामा या दुसऱ्या परोपजीवी माशीच्या कार्डाबरोबर, मात्र आम्ही असे काही देत नाही. ती कार्डे नेहमीप्रमाणेच पिकात लावावीत.

शिकलेला वास कायमचा लक्षात राहत नाही, आणि त्या वासामागे अनेकदा अळी सापडली नाही, तर माशी तो सोडूनही देते. त्यामुळे नळ्या घरात ठेवून देऊ नयेत आणि अळी नसलेल्या माडांवर सोडू नयेत. अळ्या मोठ्या झालेल्या असताना दर माडाला २० माश्या या प्रमाणात, उन्हाची वेळ टाळून, जुन्या करपलेल्या झावळ्यांच्या शक्य तितक्या जवळ त्या सोडाव्यात. नुकतीच कीटकनाशक फवारणी झालेल्या बागेत सोडू नयेत. नळी उघडल्यावर भुसा झटकून टाकण्याऐवजी नळी तशीच झावळीच्या बेचक्यात आडवी ठेवावी, म्हणजे माश्या त्यावरून चालत बाहेर पडतील. दहा-बारा दिवसांनी दोन-चार पाती काढून बोगदे उकलून पाहावेत. सुकलेल्या अळीशेजारी लहान कोशांचा पुंजका दिसला, तर माश्या कामाला लागल्या आहेत असे समजावे. काहीच आढळले नाही, तर पुढील नळ्या घेण्यापूर्वी ती पाती आम्हाला आणून दाखवावीत.