फेरीबोटीच्या रॅम्पवर येणारा तो विचार

चोडण-रायबंदर फेरीबोट ज्यांच्या रोजच्या रस्त्यात आहे त्यांना वेगळं सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. काही मिनिटांचाच प्रवास, मागे चोडणची खारफुटी, खाली मांडवीचं गढूळ पाणी, आणि बोट रायबंदरला लागायच्या आधीच सगळे पुढच्या रॅम्पकडे सरकायला लागतात कारण प्रत्येकाला पहिलं उतरायचंय. काही वर्षांपूर्वीची गोष्ट, पावसाळ्यातली सकाळ होती, माझ्या पुढ्यात नुस्तं, म्हणजे मासे, विकणारी एक म्हातारी बाय टोपली पायाशी ठेवून उभी होती, तिच्यापुढे रॅम्प आणि रॅम्पपुढे नदी. आणि डोक्यात एकदम आलं, ढकल हिला.

एवढंच. राग नाही, ओळख नाही, कारण नाही. माझ्या हातून आजवर डास सोडून काही मेलेलं नाही. पण त्या दिवशी हात गार पडले, मी मागे जाऊन स्कूटरची सीट दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा राहिलो ते थेट रायबंदर येईपर्यंत. आणि दिवसभर ऑफिसात बसून एकच, हे माझ्या डोक्यात आलंच कसं.

मानसशास्त्रात याला इंट्रुझिव्ह थॉट म्हणतात, मराठीत ठरलेला शब्द नाही, मी घुसखोर विचार म्हणतो. न बोलावता येतो, आपल्या स्वभावाच्या बरोबर उलटा असतो, आणि आल्या आल्या किळस किंवा भीती वाटते. आरतीला उभं असताना देवाबद्दल घाणेरडं काहीतरी मनात येणं, गाडी चालवताना आत्ता स्टिअरिंग वळवलं तर असं वाटणं, विळीवर, आमच्याकडे आदोळी म्हणतात, मासे कापता कापता शेजारी झोपलेल्या बाळाकडे नजर जाऊन पोटात गोळा येणं, सगळे याच जातीचे.

आता गंमत बघा. लंडनमधले दोन मानसशास्त्रज्ञ, रॅकमन आणि डी सिल्व्हा, यांनी 1978 साली साध्या, कुठलाही आजार नसलेल्या माणसांना विचारलं की तुमच्या डोक्यात असलं काही येतं का, तर 80 टक्क्यांच्या आसपास लोक हो म्हणाले. मग त्यांनी या लोकांचे विचार आणि ओसीडीच्या, म्हणजे असले विचार आणि ते घालवायला पुन्हापुन्हा केलेले उतारे यांतच माणूस अडकतो त्या आजाराच्या, पेशंटचे विचार एकत्र करून जाणकारांपुढे ठेवले, ओळखा कुठला कोणाचा, तर जाणकारांनासुद्धा ते नीट जमलं नाही. पुढे 2014 मध्ये 13 देशांतल्या 777 विद्यार्थ्यांवरचा अभ्यास आला, त्यात मागच्या तीन महिन्यांत एकदा तरी असा विचार आलेले जवळपास 94 टक्के निघाले. नव्या आयांवरचा एक अभ्यास आहे, त्यात तर जवळजवळ निम्म्या बायकांनी कबूल केलं की बाळाला आपणच इजा करतोय असा नको असलेला विचार मनात येऊन गेलाय. आदोळीवाली बाई जी आहे ना, ती एकटी नाही. फक्त कोणी कोणाला सांगत नाही, बारशाला आलेल्या बायकांत हा विषय कोण काढणार.

उंच जागेचं तर वेगळंच. झुआरीच्या पुलावरून खाली बघितल्यावर 'उडी मारली तर' असं क्षणभर वाटतं, बऱ्याच जणांना वाटतं. फ्लोरिडातल्या संशोधकांनी 2012 मध्ये 431 विद्यार्थ्यांना हे विचारलं, आणि ज्यांच्या मनात आत्महत्येचा विचार कधीच आलेला नव्हता त्यांच्यातल्याही निम्म्याहून जास्त जणांना ती ओढ जाणवलेली होती. त्यांचा अंदाज असा, की कठड्याजवळ गेल्यावर शरीर आपल्या आधी 'मागे हो' म्हणतं आणि आपण मागे होतोही, मग मेंदूचा सावकाश चालणारा भाग मागाहून हिशोब लावत बसतो, कठडा तर मजबूत आहे, मग मी मागे का आलो, म्हणजे मला उडी मारायची होती की काय! जिवाची काळजी करणाऱ्या सिग्नलचा उलटा अर्थ लागतो. अंदाजच आहे, पण मला तो पटतो, कारण फेरीवर माझंही तेच झालं असणार, म्हातारी कडेला उभी, कोणाचा धक्का लागला तर पडेल ही काळजी आधी, आणि 'ढकल' हा त्या काळजीचाच वाकडा अनुवाद.

मग सगळ्यांनाच येतात तर माझं काय बिघडलं? बिघडलं ते विचार आल्यानंतर मी जे केलं त्याने.

पहिलं काम केलं म्हणजे तो विचार दाबायला गेलो. डॅनिएल वेग्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1987 मध्ये टेक्सासमधल्या विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. त्याहून भारी म्हणजे नंतर जेव्हा सांगितलं की आता खुशाल करा, तेव्हा आधी दाबून बसलेल्यांना अस्वल जास्त आठवलं, ज्यांना पहिल्यापासून मोकळीक होती त्यांच्यापेक्षाही जास्त. कारण सरळ आहे. एखाद्याला आत सोडायचं नाही म्हणून दारात वॉचमन बसवला तर वॉचमनच्या हातात त्या माणसाचा फोटो द्यावा लागतो, आणि तो दर मिनिटाला फोटो बघणार. विसरायचं काय आहे हे लक्षात ठेवावं लागतं. माझा वॉचमन तर फारच इमानदार निघाला.

दुसरं, मी त्या विचाराला अर्थ चिकटवला. पॉल सॅल्कोव्हस्किस या मानसशास्त्रज्ञाने 1985 मध्ये नेमकं हेच मांडलं, की विचार त्रास देत नाही, 'हा आला म्हणजे मी असा आहे' किंवा 'हा आला म्हणजे आता जबाबदारी माझी' हा निष्कर्ष त्रास देतो. विचार म्हणजे जवळजवळ कृतीच, असं वाटायला लागतं. आणि आपल्या घरांतून तर याचं ट्रेनिंगच मिळतं, आजी म्हणायची तिन्हीसांजेला वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. आजीचा हेतू चांगला होता, घरात कटकट नको एवढाच, पण मी घाबरट पोर, माझ्या मनातलंही वास्तूला ऐकू जातं असं मी धरून चाललो. बाबांच्या गाडीला काही झालं तर, असं मनात आलं की मी पटकन तीनदा 'नाही नाही नाही' पुटपुटायचो, मध्ये कोणी हाक मारली तर पुन्हा पहिल्यापासून तीनदा. आठ-नऊ वर्षांचा असेन. आता कळतं ते काय होतं.

कारण तिसरी आणि सगळ्यात मोठी चूक तीच, उतारा. फेरीत मी मधोमध उभा राहायला लागलो, मग हात खिशात, मग फेरीच सोडली आणि रोज लांबचा वळसा घालून पुलावरून जायला लागलो, पेट्रोल आणि पाऊण तास जास्त. रात्री बायकोला विचारायचं, मी तसला माणूस वाटतो का गं तुला? पहिल्यांदा ती हसली, दहाव्यांदा समजूत काढली, विसाव्यांदा म्हणाली, "तुला नक्की काय ऐकायचंय ते लिहून दे, मी वाचून दाखवते." बरोबरच होतं तिचं. प्रत्येक वेळी 'नाही रे' ऐकलं की छातीवरचा दगड उतरायचा, दहा मिनिटांनी परत तिथेच. आणि त्या दहा मिनिटांच्या सुखानेच घोटाळा होतो, मेंदू शिकतो की उतारा केला म्हणून वाचलो, म्हणजे धोका खरा होता, पुढच्या वेळी आणखी जोरात घंटा वाजवतो. आमच्याकडे देवळात प्रसाद लावतात, कौल घेतात, मूर्तीला लावलेल्या पाकळ्यांतली उजवी पडली की देवाचा होकार. तोच प्रश्न घेऊन रोज सकाळी जायला लागलात तर भटजी एक दिवस तुमच्याकडे कसं बघतील? मी बायकोकडे रोज कौल लावत होतो.

यावर उपाय लंडनमधल्याच व्हिक्टर मेयरने 1966 मध्ये दोन पेशंटच्या बाबतीत छापला, आज त्याला एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन म्हणतात. म्हणजे भीती वाटते तिथे जायचं आणि उतारा करायचा नाही, बस्स. ऐकायला सोपं. पण मला त्याच्याही कितीतरी आधीची गोष्ट जास्त आवडते, आणि ती रायबंदरहून सरळ ओल्ड गोव्याकडे गेलं की बॉम जेझूच्या दारात आठवते. ते चर्च जेझुइट या कॅथलिक पंथातल्या पाद्र्यांचं, आणि त्यांचा संस्थापक इग्नेशियस लोयोला, 1522 च्या सुमाराला स्पेनमधल्या मानरेसा गावात राहत असताना, जुन्या पापांची कबुली देऊन दिली तरी समाधान होत नाही म्हणून अक्षरशः वेडापिसा झाला होता. परत आठवायचं, परत कबुली, हे राहिलं की काय, ते राहिलं की काय. उपास केले, तासन् तास प्रार्थना केली, जीव द्यावासा वाटेपर्यंत गेला. शेवटी त्याने ठरवलं की मागच्या पापांची कबुली यापुढे द्यायचीच नाही, आणि तिथून सुटला. मेयरच्या जवळजवळ साडेचारशे वर्षं आधी हा रिस्पॉन्स प्रिव्हेन्शनच झाला की!

मी गेलो ते पणजीतल्या एका सायकॉलॉजिस्टकडे, तेही बायकोने धरून नेलं म्हणून. मला वाटलं मॅडम म्हणतील तुम्ही काही करणार नाही, काळजी नको. त्या तसं म्हणाल्याच नाहीत, एकदाही नाही, मला रागच आला होता. नंतर कळलं की ते म्हणणं म्हणजे विसावा कौल झाला असता. त्यांनी यादी करायला लावली, कमी भीतीपासून जास्त भीतीपर्यंत. पहिल्या आठवड्यात फेरीधक्क्यावर नुसतं उभं राहायचं. मग रिकाम्या वेळची फेरी. मग हात खिशाबाहेर. मग गर्दीत, रॅम्पजवळ, आणि विचार आला की त्याच्याशी वाद घालायचा नाही, 'असेलही बुवा' म्हणायचं आणि उभं राहायचं. तो 'असेलही' म्हणायला मला तीन आठवडे लागले. छाती धडधडते, कानात गरम वाटतं, पाय पळू म्हणतात, आणि तुम्ही काहीच करत नाही. भीती बहुतेक वेळा थोड्या वेळाने आपोआप उतरते, पण एखाद दिवशी नाही उतरली तरी चालतं असं आता मानतात, कारण शिकायचं ते भीती गेली हे नाही, तर भीती होती तरी जे होईल वाटलं ते झालं नाही, हे आहे. मेंदूवर याचा ठसा उमटतो हे दिसलेलंही आहे, लॉस एंजेलिसच्या बॅक्स्टर आणि मंडळींनी 1992 मध्ये पेट स्कॅन करून दाखवलं की नुसत्या अशा थेरपीनेसुद्धा मेंदूतल्या कॉडेट नावाच्या भागाची जास्तीची धावपळ कमी होते, गोळीने होते तशीच.

गोळीला नावं ठेवू नका पण. एसएसआरआय जातीच्या गोळ्या, डिप्रेशनवर देतात त्याच, ओसीडीत चांगल्या लागू पडतात, फक्त डोस बहुतेकदा डिप्रेशनपेक्षा जास्त लागतो आणि नीट फरक दिसायला आठ ते बारा आठवडे जातात, दोन आठवड्यांत 'काय उपयोग नाही' म्हणून सोडणारे खूप असतात.

साध्या काळजीचं मात्र थोडं वेगळं. मुलीची फी, आईचं शुगर, घराचा हप्ता, हे घुसखोर नव्हेत, घरचेच आहेत, फक्त रात्री दोन वाजता दार ठोठावतात. त्यांच्यासाठी बोर्कोव्हेक या मानसशास्त्रज्ञाने 1983 मध्ये सुचवलेली युक्ती मला जमली, दिवसातला अर्धा तास, ठरलेली जागा, ठरलेली वेळ, फक्त काळजी करायची. बाकी वेळी आली तर 'साडेसहाला ये' म्हणून कागदावर नाव लिहून घ्यायचं. मी बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, सोप्यावर बसतो, आणि खरं सांगतो, निम्म्या काळज्या साडेसहाला येतच नाहीत.

आता कधी डॉक्टरकडे जायचं, तर दिवसातला तासभर किंवा जास्त यातच जायला लागला, कामं अडायला लागली, की सरळ जा. ज्याला आपल्या विचाराची भीती किंवा किळस वाटते त्याची गोष्ट मी वर सांगितली. पण मरावंसं खरंच वाटतंय, बेत शिजतोय, किंवा कोणीतरी कानात हुकूम देतंय असं ऐकू येतंय, बाळंतिणीला बाळाबद्दल भलतंच खरं वाटायला लागलंय, तर ते वेगळं, तिथे एक दिवसही थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे. पणजीजवळ बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, आहे तसंच आयपीएचबी हे मानसोपचाराचं सरकारी हॉस्पिटल पण आहे, आणि तिथे जाताना कोणी बघेल का म्हणून जे लोक ऑर्थोपेडिकची फाइल हातात धरून जातात त्यांना मी हसत नाही, मीही त्यातलाच. शिवाय गोव्याला यात एक मान आहे, मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि गोव्यातल्या संगाथ संस्थेने आपल्याच आरोग्य केंद्रांत दाखवून दिलं की डॉक्टर नसलेली, नीट शिकवून तयार केलेली साधी माणसंसुद्धा डिप्रेशन आणि एन्झायटीच्या पेशंटना समुपदेशन देऊन खूप फरक पाडू शकतात. 2010 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं ते, जगभर त्याचा दाखला देतात, आणि आपल्याकडे फोंड्याच्या माणसाला पत्ता नसतो.

फेरी मी परत धरली. विचार गेला का, तर नाही, महिन्यातून एखाद-दोनदा येतो, जुन्या ओळखीच्या माणसासारखा. मागच्या पावसात रायबंदरला बोट लागत होती, रॅम्प खाली येत होता, आणि तीच नव्हे पण तशीच एक बाय, टोपली बर्फाने जड, मागे वळून मला म्हणाली, "हात लाय रे पुता." डोक्यात आलं, ढकल. असेलही बुवा. मी वाकून टोपलीची एक बाजू धरली, तिने दुसरी, आणि आम्ही ती तिच्या डोक्यावर चढवली, बांगड्यांचा वास दुपारपर्यंत शर्टाला होता.