व्हाइटवॉल टायर

मोटारगाडीच्या टायरची बाहेरून दिसणारी बाजू पूर्णतः किंवा ठरावीक रुंदीपुरती पांढरी असेल, तर त्यास व्हाइटवॉल टायर म्हणतात. रस्त्यावर घासणारा भाग काळाच असतो. पांढरेपणा फक्त बाजूच्या भिंतीवर आणि तोही बहुधा बाहेरच्याच भिंतीवर असतो. बैलगाडीच्या चाकावर चढवलेल्या लोखंडी पट्ट्याला मराठीत धाव म्हणतात. टायरच्या घासणाऱ्या भागाला हा शब्द नेमका लागू पडत असल्याने पुढील विवेचनात तो त्या अर्थी वापरला आहे. पांढऱ्या पट्टीमुळे टायरच्या पकडीत, आयुष्यात किंवा वेगक्षमतेत भर पडत नाही. आज तिचे प्रयोजन निव्वळ शोभेचे आहे. मात्र ती मुळात शोभेसाठीच निघाली, की रबराच्या रसायनात झालेल्या बदलानंतर मागे राहिलेला तो अवशेष होय, याविषयी एकमत नाही.

उगम : रबराच्या झाडाचा चीक दुधासारखा पांढरा आणि त्यापासून केलेले कच्चे रबर फिकट पिवळसर ते तपकिरी असते. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ च्या सुमारास रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची रीत, म्हणजे व्हल्कनीकरण, शोधून काढल्यानंतर रबरात निरनिराळ्या पुडी मिसळून पाहण्याचे प्रयोग सुरू झाले. त्यांत झिंक ऑक्साइड विशेष उपयुक्त ठरले. त्याने व्हल्कनीकरणाला चालना मिळते, रबर काहीसे बळकट होते आणि, येथे महत्त्वाचे म्हणजे, ते पांढरे दिसू लागते. मिशेलिन बंधूंनी १८९५ मध्ये पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत हवा भरलेल्या टायरांची मोटारगाडी उतरवली, त्या काळातील टायर या फिकट, राखट-पांढऱ्या कुळातले होते. मिशेलिन कंपनीच्या जाहिरातींतील टायरांच्या चळतीचा माणूस, १८९८ मधील बिबेंडम, पांढरा का, याचे उत्तरही सामान्यतः हेच दिले जाते.

काळा रंग आला तो कार्बन काजळीमुळे. नैसर्गिक वायू अपुऱ्या हवेत जाळून त्याच्या ज्योतींची काजळी थंड लोखंडी पन्हळींवर धरावयाची आणि खरवडून गोळा करावयाची, ही तिची जुनी अमेरिकी पद्धत होय. दिव्यावर वाटी उपडी धरून काजळ पाडण्याच्या घरगुती रीतीशी तिचे नाते उघड आहे. रबरात ही काजळी प्रथम कोणी घातली, हा प्रश्न जितका सोपा वाटतो तितका नाही. छापील हकिकतींपैकी बऱ्याच अॅक्रन (ओहायओ) येथील गुडरिच कंपनीला श्रेय देतात आणि वर्ष १९१० किंवा १९१२ सांगतात. रबर-रसायनाच्या इतिहासकारांचा कल मात्र पूर्व लंडनमधील सिल्व्हरटाउन येथील कारखान्यातील एस. सी. मोट यांच्या १९०४ मधील कामाकडे आहे. गुडरिचने आपल्या नंतरच्या टायरांना सिल्व्हरटाउन हेच नाव दिले, ही गोष्ट लक्षात घेता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. गुडरिचचे श्रेय शोधाचे नसून व्याप्तीचे आहे : खडू आणि रंगकांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या बिनी अँड स्मिथ या व्यापारी पेढीकडून तिने वर्षाला दहा लाख पौंड काजळीची मागणी नोंदवली, असे सांगतात. काजळी सुरुवातीला केवळ रंगासाठी घातली गेली आणि झीज कमी होते हे मागाहून ध्यानात आले, असेही काहींचे म्हणणे आहे. ते अशक्य नाही.

काजळीने रबर इतके का सुधारते, याचे कारण मुख्यतः कणांच्या आकारात आहे. धावेसाठी वापरल्या जाणाऱ्या काजळीचा मूळ कण मिलिमीटरच्या सुमारे चाळीस हजाराव्या भागाएवढा असतो, म्हणून एका ग्रॅम काजळीचे एकूण पृष्ठफळ ८० ते १२० चौ. मी. भरते, नेहमीच्या झिंक ऑक्साइडचे ते १० चौ. मी.च्या आतच राहते. रबराच्या लांब रेणुसाखळ्यांना पकड घेण्यास जितका अधिक पृष्ठभाग मिळतो, तितके रबर फाटण्यास व घासण्यास अधिक विरोध करते. शिवाय काजळी सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण शोषून घेते आणि धावेतील उष्णता बाहेर वाहून नेण्यास हातभार लावते. आजच्या साध्या मोटारीच्या टायरच्या वजनात पाव हिश्श्याच्या आसपास काजळी असते.

आता पांढऱ्या भिंतीचा प्रश्न. झीज होते ती धावेची. बाजूची भिंत रस्त्याला लागत नाही. म्हणून काजळी आधी फक्त धावेच्या रबरात घातली गेली आणि दोन्ही बाजूंच्या भिंती पूर्वीप्रमाणे पांढऱ्याच राहिल्या. या दृष्टीने पाहता व्हाइटवॉल टायर कोणी ‘शोधला’ असे म्हणता येत नाही. काळ्या रंगाने धाव व्यापली आणि पांढरा रंग बाजूला उरला. याउलट शिकागो येथील व्होग या टायर कंपनीने १९१४ मध्ये श्रीमंतांच्या घोडागाड्यांसाठी व चालक ठेवलेल्या मोटारींसाठी पांढऱ्या बाजूंचे टायर प्रथम तयार केले, असे प्रतिपादन वारंवार केले जाते. दोन्ही मतांत वस्तुतः फारसा विरोध नाही. पांढरी बाजू त्याआधीच होती. ती दागिना म्हणून विकण्याचा मान व्होगकडे जाऊ शकतो. पहिल्या महायुद्धात पितळी काडतुसांसाठी जस्त लागू लागल्याने झिंक ऑक्साइड दुर्मिळ झाले आणि म्हणून टायर काळे झाले, हे तिसरे स्पष्टीकरणही आढळते. युद्धाने बदलाला वेग दिला असेल, पण काळी धाव युद्धापूर्वीच आली होती.

अवशेषाच्या मताला एक प्रत्यक्ष पुरावाही आहे. पुढे पूर्ण काळे टायर बाजारात आले, त्यांपैकी काहींच्या भिंती आतून पांढऱ्याच होत्या. वरून केवळ काळ्या रबराचा पातळ थर दिलेला असे. असा टायर पदपथाच्या दगडी कडेला जोरात घासला, की काळा पापुद्रा निघून खालचे पांढरे रबर जखमेसारखे उघडे पडे.

प्रसार आणि बदलती प्रतिष्ठा : प्रारंभी मानाचे स्थान काळ्या टायरला होते. त्याला काजळी अधिक लागे आणि तो चिखलाने फारसा विद्रूप दिसत नसे, त्यामुळे १९३० नंतरच्या दशकातही अनेक उंची गाड्यांना काळेच टायर बसवलेले दिसतात. १९२० च्या दशकाच्या अखेरीस मात्र उलट सुरू झाले. पांढरी बाजू स्वच्छ राखावयाची तर चाकर हवा, आणि जे राखण्यास कष्ट पडतात ते मिरवण्यास योग्य, हा न्याय येथेही लागू पडला. फोर्डने एप्रिल १९३४ मध्ये आपल्या सर्व नव्या गाड्यांसाठी व्हाइटवॉल टायर ११.२५ डॉलर जादा आकारून देऊ केले, तेव्हा ही चाल मध्यमवर्गापर्यंत आली असे मानण्यास हरकत नाही. त्या काळी दोन्ही भिंती पांढऱ्या असत. चिखलपट्ट्या चाकावर उतरू लागल्या आणि आतली बाजू दिसेनाशी झाली, तशी ती काळी करण्यात आली.

दुसऱ्या महायुद्धात रबराच्या टंचाईमुळे आणि पुढे कोरियन युद्धाच्या काळातही काही काळ पांढऱ्या बाजू अमेरिकेत मिळेनाशा झाल्या. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांचा बहर परमोच्च होता आणि पट्टीची रुंदी साधारणतः अडीच ते तीन इंच असे. पुढील बदल रुंदीचा आहे. गाड्या बुटक्या होऊ लागल्या. रुंद पांढऱ्या वलयामुळे चाक उंच दिसते, म्हणून पट्टी अरुंद करण्यात आली. १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूम या गाडीवर ती सुमारे एक इंच रुंदीची असून रिमपासून सुटून भिंतीच्या मधोमध आलेली दिसते. १९६२ च्या नमुन्यांपर्यंत अमेरिकेत रुंद पट्टी मागे पडली. अरुंद पट्टी मात्र रेडियल, म्हणजे आतील दोरे कडेपासून कडेपर्यंत आडवे बसवलेल्या, टायरांवरही चालू राहिली आणि लिंकन टाउन कारसारख्या मोजक्या गाड्यांना एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातही कारखान्यातून मिळत होती.

उपप्रकार : १९६० च्या दशकात पट्टीचा रंगही बदलला. १९६४ च्या पाँटिअॅक जीटीओवर मिळणाऱ्या टायरांची बारीक लाल रेघ विशेष प्रसिद्ध आहे. त्यानंतर दणकट इंजिनांच्या गाड्यांवर उठावाची पांढरी अक्षरे आली आणि टायरची बाजू कंपनीच्या नावाची पाटी बनली. व्होगच्या टायरांवर पांढऱ्याशेजारी सोनेरी पट्टी असते. तिला अमेरिकेत गमतीने मोहरी आणि मेयोनीज म्हणतात. लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांत रुजलेल्या लोरायडर, म्हणजे गाडी जमिनीलगत बुटकी करून मिरवण्याच्या, परंपरेने मात्र अरुंद पट्टी सोडली नाही. तेथे १३ इंची तारांच्या चाकांवर १५५/८० मापाचे लहान टायर आणि त्यांवर बोटभर पांढरी रेघ हीच गाडीची ओळख मानली जाते.

रचना आणि निर्मिती : पांढरे रबर हे काळ्यापेक्षा अवघड काम आहे. काजळी वर्ज्य असल्याने रंगासाठी टायटॅनियम डायऑक्साइड व झिंक ऑक्साइड घालतात. ओझोनने रबराला चिरा पडतात; काळ्या भिंतीत त्याला रोखण्यासाठी घातलेली अमाइनवर्गीय रसायने हळूहळू पृष्ठभागाकडे सरकतात आणि तपकिरी डाग पाडतात. काळ्या रबरावर हा डाग फारसा दिसत नाही, पांढऱ्यावर मात्र चहा सांडल्यासारखा उमटतो. म्हणून पांढऱ्या मिश्रणात नैसर्गिक रबराबरोबर क्लोरोब्यूटिल व ईपीडीएम ही ओझोनला स्वतःच दाद न देणारी रबरे मिसळतात आणि शेजारच्या काळ्या थरातून रसायने पाझरू नयेत यासाठी मध्ये अडसराचा पातळ थर ठेवतात.

कच्च्या टायरवर पांढरी पट्टी बसवल्यानंतर ती उघडी ठेवत नाहीत. तिच्यावर काळ्या रबराचे पातळ आवरण चढवतात. साच्यातून व्हल्कनीकरण होऊन निघालेला टायर संपूर्ण काळा दिसतो, फक्त पट्टीच्या जागी किंचित उंचवटा असतो. टायर फिरवत या उंचवट्यावर घासणीचा दगड टेकवला, की काळे आवरण उडते आणि रेखीव कडांचे पांढरे वलय प्रकट होते. पट्टीची कड ब्रशने रंगवल्यासारखी न दिसता कापल्यासारखी दिसते, ती यामुळे. शेवटी पांढऱ्या भागावर निळा, पाण्याने धुऊन निघणारा लेप देतात. दुकानात चळतीने ठेवलेल्या टायरांचे निळे कडे ही सजावट नव्हे. चळतीतील शेजारच्या काळ्या रबराचा डाग पांढऱ्यास लागू नये, एवढाच त्या लेपाचा हेतू असतो.

मागाहून केलेली नक्कल : मूळ टायर न बदलता हा देखावा आणण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे रिम आणि टायर यांच्यामध्ये अडकवावयाची पांढरी रबरी कडी. हवा काढून टायरची कड मागे सारावी लागते आणि कडी बसवून पुन्हा हवा भरली की ती दाबली जाते. रेडियल टायरची भिंत अधिक लवचिक असल्याने कडी तिच्यावर सतत घासते, मध्ये वाळूचे कण अडकतात आणि भिंतीला चरा पडू शकतो. वेगात कडीची बाहेरची कड फडफडते. दुसरा मार्ग रंगाचा. गाडी जॅकवर उचलून एकाने चाक सावकाश फिरवावयाचे आणि दुसऱ्याने हात स्थिर ठेवून ब्रश टेकवावयाचा, एवढी साधी ही कृती आहे. साधा तैलरंग मात्र लवकर तडकतो, कारण ताशी ६० किमी. वेगाने जाताना लहान मोटारीचे चाक मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि प्रत्येक फेऱ्यात भिंत एकदा दबून सरळ होते. जुन्या गाड्यांसाठी रुंद पट्टीचे टायर नव्याने बनवणाऱ्यांत अमेरिकेतील चॅटनूगा येथील कोकर कंपनीचे नाव आघाडीवर आहे; तयार काळ्या टायरवर पांढरे रबर व्हल्कनीकरणाने बसवून देणारेही काही कारागीर आहेत.

निगा : पांढरी बाजू धुण्यास साबणाचे पाणी व ताठ ब्रश पुरतो; जुनाट डागांसाठी साबण भरलेली तारेची घासणी वापरतात. खनिज तेलाचे टायर पॉलिश पांढऱ्यावर लावू नये, त्याने पिवळेपणा येतो. १९५० च्या दशकात पदपथाच्या कडेपासून पट्टी वाचवण्यासाठी चाकाजवळ आडवी स्प्रिंगसारखी तार बसवीत. कड जवळ आली की तार तिच्यावर खरडून आवाज करी आणि चालक सावध होई.

भारत : जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे १९२८ मध्ये गाड्यांची जुळणी सुरू केली, तर वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ला येथे अमेरिकी डॉज व प्लिमथ गाड्या जुळवल्या. या आणि संस्थानिकांनी आयात केलेल्या गाड्यांबरोबर व्हाइटवॉल टायरांचा परिचय येथे झाला असावा. आज ते मुख्यतः जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत दिसतात. रबरी कड्या मात्र बुलेट आणि जुन्या स्कूटरी हौसेने राखणाऱ्यांत रूढ आहेत. दसऱ्याला गाडी धुऊन झेंडूची माळ घालण्यापूर्वी कडीवर ब्रश फिरवावाच लागतो, कारण पावसाळ्याच्या चार महिन्यांत तिच्यात आणि टायरमध्ये साचलेली लाल माती त्याशिवाय निघत नाही.