पायाकडे बघू की नकाशाकडे?

रानात वाट चुकलेला माणूस फिरफिरून पुन्हा त्याच पळसाखाली आला, की आमच्याकडे म्हणतात, "चकवा लागला." जुनी माणसं सांगतात, अशा वेळी आहे तिथंच बसून राहावं, उजाडेपर्यंत हलू नये. हा सल्ला अगदी योग्य आहे, आणि तो का योग्य आहे हे प्रयोगानं दाखवून झालं आहे.

जर्मनीतल्या ट्युबिंगन इथल्या माक्स प्लांक संस्थेत यान सौमन आणि सहकाऱ्यांनी काही लोकांना जंगलात नेलं, काहींना ट्युनिशियातल्या सहारा वाळवंटात, आणि सांगितलं, सरळ चालत राहा. त्यांच्या मार्गाची नोंद जीपीएसवर होत होती. सूर्य दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ चालले. आभाळ भरून आलं की मात्र ते गोल फिरू लागले. आपलीच वाट ओलांडून गेले तरी त्यांना पत्ता नव्हता. डोळे बांधून चालणाऱ्यांची वर्तुळं तर कधीकधी 20 मीटरहूनही लहान निघाली. हे निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाले. एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित आखूड असतो म्हणून माणूस गोल फिरतो, हा समज त्यात टिकला नाही. "समोर म्हणजे कुठे" हा मेंदूचा अंदाज प्रत्येक पावलाला थोडा सरकतो आणि ही चूक साठत जाते, हे खरं कारण.

मेंदूत जागेचा हिशोब ठेवणाऱ्या पेशी आहेत. जॉन ओकीफ यांना 1971 मध्ये उंदरांच्या मेंदूत ठरावीक जागी आल्यावरच जाग्या होणाऱ्या पेशी सापडल्या. 2005 मध्ये मे-ब्रिट आणि एडवर्ड मोसर यांनी अंतर-दिशेची जाळी आखणाऱ्या पेशी शोधल्या. तिघांना 2014 चं नोबेल मिळालं. हा हिशोब नुसत्या पावलांच्या जोरावर फार वेळ बरोबर राहत नाही. टेकडीचा कडा, नाल्याचं वळण, देवळाचा कळस अशी ओळखीची खूण दिसली, की तो पुन्हा जुळतो.

ओरिएंटीअरिंग हा खेळ नेमका इथे माणसाची परीक्षा घेतो. हातात नकाशा आणि होकायंत्र, रानात ठिकठिकाणी लावलेली पांढरी-नारिंगी निशाणं, आणि ती क्रमानं गाठत कमीत कमी वेळात शेवट गाठायचा. वाट आखलेली नसते, ती आपणच निवडायची. पहिली जाहीर स्पर्धा 1897 मध्ये नॉर्वेत झाली. स्वीडनमध्ये 1965 पासून उन्हाळ्यात ओ-रिंगेन नावाची पाच टप्प्यांची स्पर्धा भरते. सगळा आठवडा हजारो माणसं, आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत, रानात नकाशे घेऊन पळत असतात. विदर्भातल्या गावागावांत हा आठवडा यावा असं मला मनापासून वाटतं. कारण पळणारी पोरं इथे आहेतच. पहाटे पाचला कुठल्याही डांबरी रस्त्यावर बघा, पोलीस भरतीच्या 1600 मीटरची तयारी चाललेली असते.

पण हीच तयारीची पोरं पहिल्यांदा नकाशा घेऊन ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी गायरानाच्या, माळावर उतरली, की सर्वांत जोरात पळणारा सर्वांत आधी हरवतो. "सर, नाला तं लागलाच नाही जी," असं तो सांगतो, आणि बुटाला नाल्यातला चिखल असतो! त्याला कोणी आळशी किंवा मठ्ठ म्हणू नये. दोष डोळ्यांच्या वाटणीचा आहे. खडबडीत जमिनीवर चालणाऱ्यांची नजर कुठे असते हे अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात मोजलं गेलं (2018). जमीन जितकी वाईट, तितकी नजर पायापुढच्या जमिनीला चिकटलेली, आणि ती साधारण दीड सेकंदानंतर पाऊल जिथे पडणार तिथे. आपल्याकडे भेगाळलेली काळी माती, काळ्या पाषाणाचे सुटे गोटे, वावरातून गेलं तर कापलेल्या पऱ्हाटीची टोकदार खुंटं. डोळे पायांतच अडकतात. नकाशाला उरतं काय?

म्हणून मुरलेला खेळाडू नकाशा वाचायची जागा निवडतो. पांदण लागली, सपाट गायरान आलं, की पाय आपोआप चालतात, तेवढ्यात पुढचे दोन टप्पे वाचून घ्यायचे. आपण जिथे आहोत तिथे नकाशावर अंगठा, आणि जसजसं पुढे जाऊ तसतसा अंगठा सरकवायचा. मग परत बघताना सगळा कागद शोधावा लागत नाही. निशाण जवळ आलं की वेग मुद्दाम उतरवायचा. भरतीच्या पोराला हे शेवटचं फार जड जातं.

हा नकाशा नेहमीचा नव्हे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 च्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. उंचीच्या रेषा 20-20 मीटरवर. दहा मीटर खोल नाला त्यात सहज गडप होतो. (ज्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणावर हे नकाशे उभे राहिले, ते सुरू करणारे विल्यम लॅम्बटन 1823 मध्ये काम चालू असतानाच हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे. शाळेच्या सहलीनं तिथे जायला हवं.) ओरिएंटीअरिंगचा नकाशा बहुधा 1:15,000 किंवा 1:10,000 चा असतो आणि उंचीच्या रेषा पाच मीटरवर. रंगांचा अर्थही वेगळा: पांढरं म्हणजे मोकळेपणानं पळता येईल असं जंगल, पिवळं म्हणजे उघडं माळरान, हिरवं म्हणजे दाट, आणि हिरवं जितकं गडद तितकं आत घुसणं कठीण.

आपल्या पानगळीच्या रानात या हिरव्याचा भरवसा धरू नये. नोव्हेंबरात दहा पावलांपलीकडचं दिसू न देणारं सागवान फेब्रुवारी-मार्चात उघडं पडतं. नकाशावर मात्र एकच रंग. रायमुनियाचं, म्हणजे घाणेरीचं, रान तर दोन-तीन पावसाळ्यांत पांढऱ्या तुकड्याचं गडद हिरवं करून टाकतं. तपकिरी रेषा, म्हणजे जमिनीचा उठाव, तेवढा बदलत नाही. नवख्याला मी आधी त्याच वाचायला शिकवतो.

होकायंत्राचं गणित सोपं आहे. विदर्भात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहूनही कमी फरक आहे, त्यामुळे दुरुस्तीची कटकट नाही. पण दिशा पकडताना पाच अंश चुकले, तर 500 मीटरवर आपण सुमारे 44 मीटर बाजूला पडतो, आणि निशाण असतं जेमतेम 30 सेंटिमीटरचं. नाल्याकाठचं निशाण शोधताना म्हणून नेम मुद्दाम त्याच्या डाव्या बाजूला धरायचा. नाला लागला की निशाण उजवीकडेच असणार. सरळ नेम धरला असता तर डावीकडे वळू की उजवीकडे, हे कळायला मार्ग नसतो.

टेकडीवरून जावं की वळसा घालून, याला विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा 1892 चा ठोकताळा आजही चालतो. त्याच्या हिशोबानं एक मीटर चढ म्हणजे सुमारे आठ मीटर सपाट. सरळ वाट 400 मीटर आणि चढ 40, तर ती 720 मीटरची झाली. सपाट वळसा 650 चा असेल तर वळसाच घ्यावा.

आठवड्याचा सराव बांधताना मी उतार सोमवारी ठेवतो. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असताना भार झेलतो, त्यात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते आणि एक ते तीन दिवसांत दुखणं कळसाला पोचतं. म्हणजे मंगळवार-बुधवार पायऱ्या उतरताना तोंड वाकडं. चांगली गोष्ट अशी, की उताराचा एक बेताचा सराव पुढचे काही आठवडे तशाच इजेपासून बराच वाचवतो. त्या दुखऱ्या दिवसांत पळायचं नाही, नकाशा घेऊन नुसतं चालायचं, प्रत्येक वळणाला थांबून. डोकं तिथेच शिकतं. गुरुवारी तेच चालणं थोडं जलद, शुक्रवारी चढ, शनिवारी आराम, रविवारी पूर्ण शर्यत.

उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. रक्तातला पाण्याचा अंश वाढतो, घाम लवकर फुटतो आणि त्यातून मीठ कमी जातं. तरी पारा 45 च्या वर गेल्यावर जंगलात शर्यत घेऊ नये, असंच माझं मत आहे.

आणि जागा. मेळघाट, ताडोबासारखे व्याघ्र प्रकल्प यासाठी नाहीत, तिथे विनापरवाना शिरणं गुन्हा आहे. गावाची गायरानं, तलावाची पाळ, टेकड्यांचे पायथे पुरेसे आहेत, ग्रामपंचायतीला आणि वनरक्षकाला आधी सांगून. मार्चअखेरीस मोह फुलला की पहाटे फुलं वेचायला बाया रानात असतात आणि तीच फुलं खायला अस्वलं येतात. तेवढे दिवस पोरं शाळेच्या मैदानावर दिशा आणि अंगठा गिरवतात, रानात जात नाहीत.