टाच, लुगडे आणि हसू

सोलापुरात नव्या पेठेतून एखादा तरुण उंच टाचेच्या सँडल घालून निघाला, तर चार दुकाने ओलांडायच्या आत कुणीतरी हसतेच. शिव्या कमी, हसू जास्त. हे हसू आपल्या संस्कृतीतूनच आले आहे, पूर्वापार चालत आले आहे, असे बहुतेक जण धरून चालतात. तसे ते नाही. साडी नेसलेल्या पुरुषाकडे पाहून हसण्याची आपली सवय शे-सव्वाशे वर्षांत घडली. ती कशी घडली हे कळण्यासाठी टाच आणि लुगडे या दोन्हींचा माग वेगवेगळा काढावा लागतो. दोन्हींकडे वळण मात्र एकाच प्रकारचे सापडते.

टाच आधी घोडेस्वारांची होती. इराणात दहाव्या शतकाच्या सुमारास स्वार टाचेचे जोडे वापरत, कारण रिकिबीत उभे राहून धनुष्य ताणायचे असे. सपाट तळव्याचा पाय रिकिबीत पुढे सरकतो. तो घोट्यापर्यंत आत गेला आणि स्वार खाली पडला, तर घोडा त्याला फरफटत नेतो. टाचेची पुढची बाजू रिकिबीच्या दांडीला अडते आणि पाय जागेवर राहतो. १५९९ साली शाह अब्बासने युरोपच्या दरबारांकडे आपले वकील रवाना केले, त्या काळात इराणी वस्तूंची आणि पेहरावाची तिकडे हौस पसरली. टाच तिथल्या सरदारांनी उचलली ती मर्दानी स्वाराची खूण म्हणून. १६३० नंतर युरोपातल्या उच्चभ्रू स्त्रियांनी पुरुषी पेहरावातल्या गोष्टी घ्यायला सुरुवात केली, त्यात टाचही होती. म्हणजे आज ज्याला बायकी म्हणतात, ते स्त्रियांनी पुरुषांकडून घेतले.

फ्रान्सच्या चौदाव्या लुईने लाल टाच आपल्या दरबाराची खूण करून टाकली. रिगोने १७०१ साली काढलेल्या त्याच्या चित्रात पांढरे मोजे, उघडी पोटरी आणि लाल टाचा ठळक दिसतात. ज्याला चिखलातून चालावे लागत नाही, काम करावे लागत नाही, त्यालाच अशी टाच परवडते, हा त्यातला अर्थ. अठराव्या शतकात उपयोग आणि साधेपणा हे पुरुषाचे गुण ठरले आणि साधारण १७४० पर्यंत पुरुषांच्या पायातून टाच उतरली. रेशीम, लेस आणि भडक रंगही पुढे त्याच वाटेने गेले. मानसशास्त्रज्ञ फ्ल्यूगेल यांनी १९३० साली या घडामोडीला पुरुषांचा मोठा त्याग म्हटले. पुढे काही दशकांनी स्त्रियांनीही टाच सोडली, पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ती फक्त त्यांच्यासाठी परत आली. १९५० च्या दशकात टाचेच्या आत पोलादी कांडी घालता येऊ लागली, म्हणून ती बोटाएवढी बारीक झाली. तोवर टाच घोडेस्वाराची होती हे सगळे विसरले होते.

दख्खनमध्ये तर पुरुषाचा साज कमी कधीच नव्हता. सोलापूरच्या किल्ल्यासाठी अहमदनगर आणि विजापूर पुन्हा पुन्हा भांडली. त्या विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची (१५८० ते १६२७) चित्रे पाहिली, तर पारदर्शक मलमलीचा घेरदार जामा आणि गळ्यात माळा दिसतात. मराठेशाहीत कानात भिकबाळी आणि मोत्यांचा चौकडा, हातात कडे हे सरदारपणाचे लक्षण होते. यातले काही अजून शिल्लक आहे. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांबरोबर चालणारी मंडळी पांढरी बाराबंदी घालतात. बटण नाही, बंद बांधायचे, आणि खाली धोतर. लग्नात नवरदेव जरीचा अंगरखा, मोत्यांची माळ आणि मुंडावळ्या घालतो, आणि मुंडावळ्या तर नवरीलाही त्याच. त्याला कुणी बायकी म्हणत नाही, कारण प्रसंग ठरलेला आहे. परवानगी कपड्याला नसून प्रसंगाला असते, हा धागा पुढे सगळीकडे लागतो.

सगळ्यात मोठी परवानगी रंगभूमीची होती. १८८० साली किर्लोस्करांचे संगीत नाटक उभे राहिले तेव्हा स्त्री भूमिका पुरुषच करत. भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्यासाठी आणि रूपासाठी लोक गर्दी करत. १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आलेले नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांनी तर घरातल्या बायकांना नेसायला शिकवले असे म्हटले तरी चालेल. त्यांच्या नेसणीची, पदराची, केसांत फुले माळण्याची नक्कल चांगल्या घरच्या स्त्रिया करत. नाटक मंडळ्यांचे मुक्काम सोलापुरातही पडत. प्रेक्षकांत कुणी त्यांना हसायला येत नसे.

हे रूप उभे करणे कष्टाचे काम होते. नऊवारी लुगडे म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. पुरुषाचा खांदा रुंद, कंबर सरळ आणि नितंब अरुंद. त्यामुळे कासोटा पातळ काढला तर पाठमोरी आकृती पुरुषाचीच दिसते. निऱ्या मोठ्या आणि एकावर एक बसवल्या की मागे भरीवपणा येतो. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला की खांद्याची रुंदी झाकते. चोळीत कापडाचा भरावा घालायचा तो दोन्हीकडे सारख्या वजनाचा, आणि चोळी घट्ट गाठीने बांधायची, नाहीतर गाणे म्हणताना छाती फुगली की भरावा वर सरकतो. बाही कोपरापर्यंत ठेवली की दंड झाकतो. केसांच्या टोपाची कड कपाळापाशी उघडी पडते, ती भांगातली फुले आणि बिंदी झाकते. तोंडाला सफेदा आणि पिवडी, त्याखाली दाढी दिवसातून दोनदा करावी लागे, कारण निळसर छटा दिव्याच्या उजेडात वर येते. चाल मात्र कपड्याने येत नाही. पाऊल लहान टाकायचे, गुडघे जवळ ठेवायचे आणि वळताना आधी मान, मग खांदा, मग पाय. हे साधले नाही की अख्खा साज फुकट जातो.

चित्रपटानेही हीच वाट धरली. फाळक्यांच्या १९१३ च्या मूकपटात तारामतीचे काम अण्णा साळुंके यांनी केले, आणि १९१७ मध्ये त्यांनीच एका चित्रपटात राम आणि सीता दोघेही साकारले. त्याच काळात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. १९३३ साली नाट्यमन्वंतर या संस्थेने आपल्या पहिल्या नाटकात स्त्री भूमिकेसाठी ज्योत्स्ना भोळे यांना उभे केले आणि ती वाट रुळत गेली. स्त्रियांनी रंगमंचावर येणे योग्यच होते. त्यांना इतकी वर्षे बाहेर ठेवले, हाच अन्याय होता. पण त्याच क्षणी शालू नेसलेल्या पुरुषाचे काम बदलले. आता सुंदर दिसायला स्त्री होती, मग पुरुषाला साडी नेसवायची ती कशासाठी? हसण्यासाठी.

तमाशात हे वळण आणखी स्पष्ट दिसते. जुन्या तमाशात नाच्या पोऱ्या हा मुलगा स्त्रीवेषात नाचत असे आणि लावणीचा शृंगार त्याच्या अदेवर चाले. पठ्ठे बापूरावांच्या फडात पवळा नाचू लागली, पुढे फडाफडांत स्त्रिया आल्या, आणि नाच्या मागे सरकला. तो सोंगाड्याबरोबर हात नाचवत, कंबर मोडत विनोद करणारा उरला. मराठी चित्रपटात गणपत पाटील यांनी हा नाच्या इतका अस्सल रंगवला की लोकांनी पडद्यावरची भूमिका त्यांच्या खासगी आयुष्यालाही चिकटवली. मोडनिंबच्या कला केंद्रांत आजही लावणी उभी राहते, आणि तिथली अदा ज्या पुरुषांनी आधी घडवली, त्यांची आठवण फारशी कुणी काढत नाही. दूरचित्रवाणीवरच्या विनोदी कार्यक्रमांत साडी नेसून येणारा नट हा त्या उरलेल्या नाच्याचाच वारस आहे. शृंगार गेला, टिंगल राहिली.

दुसरी परवानगी देवाची. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर सोलापूर भागातून भाविक जातात. डोक्यावर देवीचा जग, म्हणजे मूर्ती ठेवलेली टोपली, घेतलेला, चौंडक्याच्या साथीवर गाणारा, साडी नेसलेला जोगता दारात आला की लोक हळदकुंकू वाहून पाया पडतात. त्याला भाड्याने खोली द्यायची वेळ आली की तेच हात आखडतात. देवीचा माणूस म्हणून मान, शेजारी म्हणून नकार, ही दुटप्पी वागणूक आपण अजून मोडलेली नाही.

तिसरी गोष्ट कायद्याची, आणि इथे सोलापूरला ती जवळून माहीत आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा म्हटला की सोलापूरकरांना सेटलमेंट, म्हणजे गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना कोंडून ठेवलेली वस्ती, आठवते, तारेचे कुंपण आणि हजेरी आठवते. त्याच कायद्याचा दुसरा भाग मात्र फार जणांना ठाऊक नाही. तो हिजड्यांच्या नोंदणीचा होता. नोंद झालेल्या व्यक्तीने रस्त्यावर स्त्रीसारखे कपडे किंवा दागिने घातले, नाच केला, गाणेबजावणे केले, तर तिला वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत असे. अंमल उत्तरेकडच्या प्रांतांत झाला, पण राज्यकर्ते साडी नेसलेल्या पुरुषाला गुन्हेगार समजतात हा संदेश देशभर गेला. साहेबी शिक्षण घेतलेल्या आपल्या पुरुषांनी त्याच काळात कानातली भिकबाळी काढली आणि कोटाची बटणे लावली. जमातींवरचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला संपला. नजर संपायला वेळ लागतो, आणि शहरात ज्यांच्या आजोबांनी कुंपणाआड हजेरी दिली त्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही.

आज स्त्रियांचे कपडे किंवा टाच घालणे हा भारतात गुन्हा नाही. १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या, तृतीयपंथीयांच्या हक्कांबाबतच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पेहरावातून आपली लिंगओळख व्यक्त करणे हे राज्यघटनेच्या कलम १९(१)(अ) मधल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यात धरले. पण टाच घालणारा प्रत्येक पुरुष तृतीयपंथी नसतो, समलिंगीही नसतो. कुणाला नुसती आवड असते. कपडा, लिंगओळख आणि लैंगिक कल या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. त्या एकत्र कालवल्या की घरात पहिला प्रश्न ‘लग्नाचं काय’ असा येतो, आणि मुलगा गप्प होतो.

आक्षेप उंचीला नाही, हेही ध्यानात घ्यावे. १९७० च्या दशकात बेलबॉटमखाली जाड तळव्याचे, टाचेचे बूट घालून कॉलेजातली मुले हिंडत, आणि बेलबॉटमचा घेर टाच झाकून टाके. आज बुटाच्या आत घालायचे उंची वाढवणारे सोल पुरुषांसाठीच विकले जातात. पायाला तेही टाचेसारखाच उतार देतात. झाकलेली टाच मर्दानी आणि दिसणारी टाच बायकी, एवढाच फरक आहे.

दिसणारी टाच घालणाऱ्याला अडचण येते ती मापाची. पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये घ्या, तीत दीड मिळवा आणि दीडने गुणा, की युरोपीय माप मिळते. २६ सेंटिमीटरच्या पायाला ४१, २७ ला जवळपास ४३. दुकानात स्त्रियांचे माप बहुधा ४० किंवा ४१ ला संपते. त्यातून साचा अरुंद पायाचा. पाय उतारावरून पुढे घसरतो, बोटे चेपतात, मागे टाच सुटते आणि घोटा मुरगळतो. बारीक टाचेचे टोक एक चौरस सेंटिमीटर धरले, तर ७० किलोच्या माणसाचा सगळा भार पाऊल टेकताना त्या एका चौरस सेंटिमीटरवर येतो. चार बाय पाच सेंटिमीटरच्या चौकोनी टाचेवर तोच भार दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलोवर येतो. म्हणून सुरुवात चार-पाच सेंटिमीटरच्या जाड टाचेने आणि घोट्याला पट्टा असलेल्या सँडलने करावी. पुढे तीन सेंटिमीटर जाडीचा तळवा असेल, तर दहाची टाच पायाला सातच वाटते. स्वस्त सँडलमध्ये कमानीखालची पोलादी पट्टी पातळ असते. जड माणसाच्या वजनाने ती वाकते आणि टाच मागे कलते. मे महिन्यात पारा बेचाळीसवर गेला की डांबरावर तळव्याचा डिंकही मऊ पडतो. इंग्लंडमधल्या अर्ल्स बार्टनच्या एका पुरुषी बुटांच्या कारखान्याने १९९० च्या दशकात पुरुषांसाठी स्त्रियांच्या धाटणीचे बूट काढले, तेव्हा त्यांनाही मोठे माप आणि जास्त वजन पेलणारी टाच हीच दोन कामे आधी करावी लागली.

आपल्याकडे मुलगा दुकानात बसून सँडल घालून पाहत नाही, कारण विकणाराच आधी हसतो. मग तो ऑनलाइन अंदाजाने मागवतो. माप एक नंबर कमी येते, परत पाठवायला लाजतो, तेच घालून पेव्हर ब्लॉकच्या फटीत टाच अडकवून लडखडतो. बघणारे म्हणतात, पुरुषाला हे जमतच नाही. त्याच फटीत बाईची टाच अडकली, तर तेच लोक महापालिकेला नावे ठेवतात.