उद्यान कामगार

सार्वजनिक उद्यानातील झाडे, हिरवळ, वाफे, पायवाटा आणि पाण्याची व्यवस्था रोजच्या रोज राखणाऱ्या कामगारास उद्यान कामगार म्हणतात. महाराष्ट्रातील महानगरपालिकांत हे काम उद्यान विभागाकडे असते. बोलताना सर्वांनाच माळी म्हटले जाते. हजेरीपटावर मात्र माळी, बिगारी आणि मुकादम अशी पदे वेगळी असतात. लागवड, छाटणी व रोपांची निगा माळ्याकडे, खोदाई, वाहतूक आणि झाडलोट बिगाऱ्याकडे, तर कामाची वाटणी व हजेरी मुकादमाकडे असते. प्रत्यक्षात मनुष्यबळ अपुरे असले की एकच माणूस ही सगळी कामे करतो.

मुंबईतील राणीची बाग (आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान) 1862 मध्ये लोकांसाठी खुली झाली आणि मलबार हिलच्या जलाशयावरील हँगिंग गार्डन 1881 मध्ये तयार झाले. हँगिंग गार्डनमध्ये झुडपांना प्राण्यांचे आकार दिलेले आहेत. असा आकार एकदा दिला म्हणजे काम संपले असे होत नाही. पावसाळ्यात कोंब झपाट्याने फुटतात, त्यामुळे कात्री थोडे दिवस जरी थांबली तरी प्राण्याचे पुन्हा झुडूप होते. पुण्यातील सारसबाग एकेकाळच्या तलावाच्या जागी आहे. दिवाळी पहाटेला तेथे जी गर्दी होते, तिच्या पायाखाली गेलेली हिरवळ पुन्हा उभी करणे हे तेथील कामगारांचे दरवर्षीचे काम आहे.

दिवस पहाटे सुरू होतो, कारण फिरायला येणाऱ्यांच्या आधी पायवाटा खराट्याने झाडून व्हाव्या लागतात. पाणीही ऊन चढण्यापूर्वी द्यावे लागते. नव्या माणसाचा कल झाडाच्या बुंध्याशी पाइप सोडून पुढे जाण्याकडे असतो. मोठ्या झाडाची पाणी शोषणारी बारीक मुळे मात्र बुंध्यापासून दूर, पानांच्या घेराखाली पसरलेली असतात, आणि बुंध्याशी सतत ओल राहिली तर साल कुजते. म्हणून जाणता माळी बुंध्याभोवती मातीची भर देऊन आळे बाहेरच्या बाजूला, बांगडीसारखे काढतो.

खुरपणी हे बाहेरून सर्वांत सोपे वाटणारे काम, पण कौशल्य त्यातच अधिक दिसते. हिरवळीत लव्हाळा शिरला आणि तो नुसता वरून उपटला, तर पाती हातात येतात आणि गाठ जमिनीत राहते. त्या गाठीतून नवा फुटवा येतो व शेजारी आणखी गाठी धरतात. त्यामुळे खुरप्याचे टोक तिरपे खाली घालून, माती सैल करून, काळी गाठ हाताला लागेपर्यंत धीर धरावा लागतो. हे काम बहुतेक ठिकाणी स्त्रिया करतात. तासन्‌तास उकिडवे बसल्याने गुडघे आणि कंबर धरते. या कामाला बिनकसबी समजून सर्वांत कमी मजुरी दिली जाते, हे अन्यायाचे आहे.

वर्षाचे वेळापत्रक पावसावर बेतलेले असते. जूनपूर्वी धोकादायक फांद्या उतरवतात. जाड फांदी कापताना आधी खालच्या बाजूने खाच पाडतात, मग थोड्या अंतरावर वरून कापतात आणि शेवटी उरलेला खुंट काढतात; तसे न केल्यास फांदी आपल्या वजनाने खाली येताना खोडाची साल ओरबाडून नेते आणि त्या जखमेतून कीड व बुरशी शिरते. शहरी भागातील वृक्षतोडीवर महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 याचे नियंत्रण आहे, त्यामुळे पूर्ण झाड काढण्याचा निर्णय कामगाराच्या हाती नसतो. पावसाळ्यात लागवड, ऑक्टोबरच्या सुमारास गुलाबाची छाटणी आणि हिवाळ्यात पिटुनिया, फ्लॉक्स यांसारखी हंगामी फुले असा क्रम चालतो. जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनामागेही माळ्यांची काही महिन्यांची मेहनत असते.

पालापाचोळा जाळणे ही जुनी सवय. घनकचरा व्यवस्थापनाच्या नियमांनुसार बागेतील कचरा जाळता येत नाही. तो वेगळा साठवावा लागतो. खड्ड्यात थर लावून, ओल राखून आणि अधूनमधून वरखाली करून त्याचे चांगले खत होते. मात्र या ढिगात हात घालण्यापूर्वी तो दाताळ्याने हलवून पाहावा लागतो, कारण पाचोळ्याच्या रंगात घोणस सहज मिसळून जाते. आग्या मोहोळ आणि अंगाला खाज आणणारे गाजरगवत हे इतर नेहमीचे धोके. जाड हातमोजे आणि बूट ही या कामाची मूलभूत गरज असूनही ते सर्वांना वेळेवर मिळतातच असे नाही.

अनेक उद्यानांची देखभाल आता ठेकेदारामार्फत होते. कायद्यानुसार ठेकेदाराने वेतन दिले नाही, तर ते देण्याची जबाबदारी मूळ नियोक्त्यावर, म्हणजे ज्याने ठेका दिला त्याच्यावर येते. ठेका बदलला की बहुधा माणसेही बदलतात. कोणत्या वाफ्याखाली मुरूम लागतो, कोणते झाड मागच्या पावसात कलले होते, पाण्याचा व्हॉल्व्ह कोणत्या कुंपणाच्या कोपऱ्यात मातीखाली गेला आहे, ही माहिती कोणत्याही नोंदवहीत नसते. ती जुन्या माळ्याबरोबर फाटकाबाहेर जाते, आणि नवा माणूस उन्हाळ्याच्या ऐन तोंडावर पहार घेऊन तो व्हॉल्व्ह शोधत राहतो.