चुलीचा धूर (मराठवाडा)

चुलीचा धूर : लाकूड, पिकांची धाटे, गोवऱ्या असे जळण चुलीत अर्धवट जळून निघणारा धूर. त्यामुळे बिघडणाऱ्या घरातल्या हवेला शास्त्रात ‘घरगुती वायुप्रदूषण’ म्हणतात. मराठवाड्यात प्रदूषण म्हटले की जालन्याचे लोखंड कारखाने किंवा परळीच्या औष्णिक केंद्राची राख आठवते. चुलीवर रांधणाऱ्या बाईचा धूर मात्र तिच्यापासून हातभर अंतरावर असतो.

इथले जळण शेतातूनच येते. कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या उपटून घरामागे रचतात, तूर झोडपली की तुराट्या. जोडीला बाभळीचे सरपण आणि गोवऱ्या. तुराटी चटकन पेटते आणि चटकन विझते. म्हणून जाळ सारखा सारावा लागतो, चुलीपासून उठता येत नाही. पावसाळ्यात सरपण दमट झाले की फुंकणी हातातून सुटत नाही आणि पदर डोळ्यांवरून निघत नाही. ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरवून चुलीच्या तोंडाशी आरावर शेकतात. तेवढा वेळ तोंड अगदी धुराच्या लोटात असते. जुन्या माळवदाच्या (सपाट मातीच्या छताच्या) घरांत छताला सवणे, म्हणजे झरोका असे. त्यातून उजेड आत येई आणि धूर वर जाई. माळवद पाडून पत्रे टाकले तिथे बहुधा सवण्याला जागा उरली नाही. घराची सुधारणा म्हणून झालेल्या या बदलाची धुराच्या बाजूने फारशी चर्चा झालेली नाही, ती व्हायला हवी.

धुरात कार्बन मोनॉक्साइड, बेंझीन, फॉर्माल्डिहाइड असे घटक असतात. पण सर्वांत घातक ते सूक्ष्म कण, म्हणजे ‘पीएम २.५’. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून कमी व्यासाचे हे कण केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या भागाहूनही बारीक असतात. नाकातल्या केसांना ते अडत नाहीत, थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. लहान मुलांचा न्यूमोनिया, दीर्घकालीन श्वसनरोग (सीओपीडी), हृदयविकार, पक्षाघात, मोतीबिंदू आणि कमी वजनाचे बाळ यांच्याशी या धुराचा संबंध आढळला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक पातळीनुसार पीएम २.५ चे प्रमाण २४ तासांच्या सरासरीत घनमीटरमागे १५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे. भारताचे २००९ चे मानक ६० आहे.

या धुराची दखल भारतातच लवकर घेतली गेली. दिल्लीच्या हृदयरोगतज्ज्ञ एस. पद्मावती यांनी १९५९ मध्ये फुप्फुसाच्या आजारातून होणाऱ्या हृदयविकाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. विडी-सिगारेट न ओढणाऱ्या बायकांतही हा आजार का, हा प्रश्न त्यातून पुढे आला. त्याला मोजमापाची जोड दिली ती अमेरिकी शास्त्रज्ञ कर्क स्मिथ (१९४७–२०२०) यांनी. त्यांनी आणि भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातच्या गावांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच हवा खेचणारे छोटे पंप लावले. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत रांधतानाच्या हवेत एकूण धूलिकण घनमीटरमागे सरासरी सुमारे ७ मिलिग्रॅम, म्हणजे ७,००० मायक्रोग्रॅम आढळले. धुराडे किती ओकते यापेक्षा माणसाच्या श्वासात किती जाते ते मोजा, हा स्मिथ यांचा आग्रह होता. या विषयातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. पुण्याचे श्वसनरोगतज्ज्ञ संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांतील सीओपीडीचा आढावा घेतला, त्यातही लाकूड-गोवऱ्यांसारख्या जैव इंधनाचा धूर हे मोठे कारण म्हणून पुढे आले.

उपाय मात्र वाटला तितका सोपा ठरला नाही. ग्वाटेमालात धुराडे असलेली चूल देऊन केलेल्या चाचणीत (निष्कर्ष २०११) डॉक्टरांनी निदान केलेला एकूण न्यूमोनिया लक्षणीय घटला नाही. गंभीर न्यूमोनिया मात्र सुमारे एकतृतीयांशाने कमी झाला. पुढे ग्वाटेमाला, पेरू, रवांडा आणि तमिळनाडूत सुमारे ३,२०० गरोदर बायकांपैकी निम्म्यांना गॅस देण्यात आला. त्यांच्या श्वासातले कण खूप कमी झाले, तरी बाळांच्या जन्मवजनात ठळक फरक दिसला नाही (२०२२). एवढ्यावरून धूर निरुपद्रवी ठरत नाही. आयुष्यभर साठलेली इजा काही महिन्यांच्या गॅसने कितपत भरून निघते, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला.

२०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात मराठवाड्यातील औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर), जालना आणि लातूर ही शहरे आहेत. हा कार्यक्रम शहरांपुरता आहे. तांड्यावरची, वाडीवरची चूल त्याच्या मोजमापात येत नाही. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅस गावोगाव पोचवला. तरी अनेक घरांत चहा गॅसवर, भाकरी आणि अंघोळीचे पाणी चुलीवर अशी वाटणी आहे. सिलिंडरला रोख पैसे लागतात, पऱ्हाट्या शेतातच असतात.

बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतील ऊसतोड मजुरांची गत आणखी वेगळी. हंगामात ते घर सोडून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडाजवळ पाचटाच्या, ताडपत्रीच्या कोपीत राहतात. चूल कोपीच्या तोंडाशी असते, वारा फिरला की धूर आत झोळीतल्या लेकरापर्यंत जातो. उज्ज्वलाच्या २०२१ च्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरितांसाठी पत्त्याच्या पुराव्याची अट सैल करून स्वयंघोषणापत्र चालेल असे ठरले. पण फडावरून सिलिंडर भरून आणायला दिवस मोडला तर खाडा पडतो.