एमएसडब्ल्यूवाल्यांनो, परदेशी एक्सचेंजला जायचंय? आधी ऑफिसची परवानगी, व्हिसा नंतर

एमएसडब्ल्यू, म्हणजे मास्टर ऑफ सोशल वर्क, केलेल्या समाजकार्यवाल्यांना परदेशात जाऊन तिथली वृद्धांची घरं, बालसंरक्षणाची ऑफिसं, व्यसनमुक्ती केंद्रं आतून पाहता येतात का, असं नागपुरातले बरेच ज्युनिअर विचारून राहिले, म्हणून एकदाच नीट लिहिते. येतात. कौन्सिल ऑफ इंटरनॅशनल फेलोशिप, म्हणजे सीआयएफ, १९६० पासूनची संघटना आहे, तिचे फिनलंड, स्वीडन वगैरे देशांत काही आठवड्यांचे प्रोग्राम असतात. दिवसा संस्थांना भेटी, संध्याकाळी कुठल्या तरी कुटुंबाकडे मुक्काम. खरं सांगायचं तर अर्धं शिक्षण त्या घरातल्या जेवणाच्या टेबलावरच होतं.

पात्रता फार अवघड नाही. समाजकार्याची किंवा त्याला लागून असलेली डिग्री, प्रत्यक्ष फील्डमधला अनुभव आणि समोरच्याशी इंग्रजीत मोकळं बोलता येणं, काही देश तिथली भाषाही मागतात. अर्ज सीआयएफच्या भारतातल्या शाखेमार्फत जातो, आणि एक वर्ष आधी तयारीला लागा, कारण अर्जाची मुदत प्रोग्रामच्या कितीतरी महिने आधीच संपते. सोबत सहसा बायोडाटा, शिफारसपत्रं, डॉक्टरचं सर्टिफिकेट आणि तुम्हाला का जायचंय ते लिहिलेलं पत्र लागतं. त्या पत्रात "ज्ञान वाढवायचं आहे" असं लिहू नका हो, तुमच्या वस्तीतली एक अडचण लिहा जिचं उत्तर तुम्ही शोधून राहिले. विमानाचं भाडं आणि विमा बहुतेक वेळा आपल्याच खिशातून जातो हेही आधीच धरून चाला.

आता खरी अडकणारी जागा. सरकारी नोकरीत असाल, किंवा सरकारी मालकीच्या नाहीतर नियंत्रणाखालच्या संस्थेत असाल, तर परदेशातला फुकट मुक्काम आणि जेवण हे एफसीआरए २०१०, म्हणजे परदेशी देणग्या आणि पाहुणचारावरचा कायदा, त्याच्या कलम ६ प्रमाणे 'परदेशी आदरातिथ्य' धरलं जातं आणि त्याला केंद्र सरकारची आधी परवानगी लागते. यजमान कुटुंब प्रेमाने ठेवून घेते, त्यात कसली परवानगी, असं आपल्याला वाटतं, पण कायद्यात राहण्याजेवण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. गृहमंत्रालयाच्या एफसीआरए पोर्टलवर एफसी-२ फॉर्म ऑनलाइन भरायचा, निमंत्रणपत्र जोडायचं, आणि निघायच्या किमान दोन आठवडे आधी अर्ज पोचला पाहिजे, मी तर म्हणेन दोन महिने आधीच भरून टाका. कॉन्ट्रॅक्टवर असाल तर ऑफिसकडून लेखीच घ्या की तुम्हाला हे लागू आहे की नाही. एनजीओवाल्यांना ही परवानगी लागत नाही, पण यजमानांकडून येणारी रक्कम संस्थेच्या खात्यावर मागवू नका, संस्थेची एफसीआरए नोंदणी नसेल तर संस्थाच अडचणीत येते.

माझ्या वेळी रजा मंजूर झाल्याचा आदेश हातात होता, पण परदेशी जायला हरकत नाही असं त्यात कुठेच नव्हतं, तेवढ्यात साहेब बदलले आणि फाईल परत खालच्या टेबलापासून सुरू झाली, दीड महिना गेला. म्हणून रजा आणि एनओसी दोन वेगळी पत्रं मागा, दोन्हीवर तारखा, देश आणि खर्च कोण करणार ते लिहून घ्या.

पासपोर्टचं काम नागपुरातच होतं, ३६ पानांचा साधा १५०० रुपये, तत्काळ असेल तर वरून २०००. बायांनो, नाव नक्की तपासा. डिग्रीवर माहेरचं, पासपोर्टवर सासरचं आणि ऑफिसच्या पत्रावर तिसरंच काहीतरी, हे आपल्याकडे हमखास होते, लग्नाचं सर्टिफिकेट सोबतच ठेवा.

युरोपचा शेंगेन व्हिसा, म्हणजे तिथल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा, प्रवासाच्या ६ महिने ते १५ दिवस आधी मागता येतो. फी ९० युरो, मेडिकल विमा कमीत कमी ३०,००० युरोचा, पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर ३ महिने तरी चालला पाहिजे आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. बँक स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा, विमानाचं बुकिंग आणि यजमानांचं मुक्कामाचं पत्र लागतं. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, मुंबईची अपॉइंटमेंट मिळाली तर आदल्या रात्रीची विदर्भ एक्सप्रेस धरू नका, गाडी लेट झाली की अपॉइंटमेंट गेली, एक दिवस हाताशी ठेवून जा. अर्जात टुरिझम लिहू नका, निमंत्रणात जो उद्देश आहे तोच लिहा. तिथे आपण पाहायला आणि शिकायला जातो, पगारी काम त्या व्हिसावर चालत नाही.

तिथे पोचल्यावर आपल्या कामाबद्दल बोलायला सांगतात, तर पीपीटी इथूनच बनवून न्या. पण बालगृहातल्या पोरांचे फोटो, नावं त्यात अजिबात नको. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ मध्ये मुलाची ओळख उघड करायला मनाई आहे, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. इमारतीचे, अंगणाचे, पोरांनी काढलेल्या चित्रांचे फोटो घ्या, चित्रावर नाव असेल तर झाकून.